परत न येणारा पाहुणा

आपले रोजचे सौजन्य बरेचसे परतभेटीच्या भरवशावर उभे असते. शेजाऱ्याशी उद्या गाठ पडणार, वाण्याकडे पुन्हा जायचे, सोयऱ्यांत तोंड दाखवायचे, म्हणून आपण जपून वागतो. पण ज्यांची पुन्हा कधीच गाठ पडणार नाही, त्यांचे आपण काही देणे लागतो काय? पश्चिम आफ्रिकेतील नायजर नदीवर एकाच माणसापुढे हा प्रश्न दोनदा उभा राहिला.

मंगो पार्क हा स्कॉटलंडचा शल्यवैद्य. लंडनच्या आफ्रिकन असोसिएशनने १७९५ मध्ये त्याला नायजरच्या शोधार्थ पाठविले. मूर लोकांच्या कैदेतून निसटून, जवळजवळ निष्कांचन अवस्थेत, तो जुलै १७९६ मध्ये सेगू या राजधानीसमोर नदीकाठी पोहोचला. राजा मानसोंगने त्याला नदी ओलांडू दिली नाही. जवळच्या खेड्यात कोणी थारा देईना. दिवसभर तो झाडाखाली उपाशी बसला. संध्याकाळी शेतावरून परतणाऱ्या एका बाईने त्याला घरी नेले, मासा भाजून दिला, चटई अंथरली. घरातल्या बायका रात्री उशिरापर्यंत सूत कातत बसल्या आणि कातता कातता त्यांनी या एकाकी परक्याची कीव करणारे गाणे रचले. पार्कच्या बंडीला चार पितळी बटणे उरली होती. सकाळी त्याने त्यांतली दोन तिला दिली. पुढे मानसोंगनेही त्याला ५,००० कवड्या पाठविल्या. शंभर कवड्यांत माणसाचे आणि घोड्याचे एका दिवसाचे भागे, म्हणजे ही पन्नास दिवसांची बेगमी झाली.

१८०५ मध्ये पार्क पुन्हा गेला तो ब्रिटिश सरकारच्या खर्चाने, सुमारे चाळीस गोरे शिपाई व कारागीर घेऊन. नदी गाठेपर्यंत आजारपणाने त्यांतले बहुतेक दगावले. सान्सांडिंग येथे दोन जुन्या होड्या जोडून त्याने 'जोलिबा' नावाची नाव तयार केली आणि नोव्हेंबरात उरलेल्या चार गोऱ्या सोबत्यांसह ती प्रवाहात सोडली. बेत असा की, काठावर होता होईल तो उतरायचे नाही. थेट समुद्र गाठायचा.

या प्रवासाची हकीकत वाटाड्या अमादी फातुमाने सांगितली म्हणून आपल्याला ठाऊक आहे. गावोगावच्या होड्या शस्त्रे घेऊन आडव्या येत आणि नावेतून बंदुका चालत. फार माणसे मारली, आता पुरे, असे अमादीने म्हणताच नावेतला गोरा अधिकारी त्याच्यावरच धावून गेला. पार्क मध्ये पडला म्हणून तो वाचला. यौरी येथे पार्कने तिथल्या मुखियाजवळ राजासाठी नजराणा दिला. मुखियाने विचारले, परत येणार का? पार्क म्हणाला, नाही. मुखियाने नजराणा स्वतःकडेच ठेवला. काही मिळाले नाही म्हणून राजाने अमादीला कैदेत टाकले आणि बुस्सा येथे सैन्य धाडले. तिथल्या खडकाळ पात्रात नाव अडली. पार्क पाण्यात उडी घेऊन बुडाला. हे वर्ष १८०६.

पार्क दुष्ट होता असे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. कैद काय असते हे त्याने भोगले होते. सोबती डोळ्यांदेखत मेले होते. आडव्या येणाऱ्या होड्याही निःशस्त्र नव्हत्या. त्याची भीती खरी होती. पण पहिल्या वेळी त्याला दर मुक्कामी कुणाचे तरी दार ठोठवावे लागे. नावेने ती गरजच संपविली. ज्याला कुणाची गरज नाही आणि परतही यायचे नाही, त्याच्या दृष्टीने काठावरची माणसे म्हणजे निव्वळ अडथळा होतात. मुखियाने तरी वेगळे काय केले? ज्याच्याशी पुन्हा गाठ नाही, त्याच्या ठेवीला जागायचे कशाला, हाच हिशेब त्याने केला.

हा हिशेब व्यवहारातही खोटाच ठरतो. नाव निघून जाते, गाव तिथेच राहते, आणि आधीच्याची बाकी पुढच्या वाटसरूच्या नावे चढते. १८३० मध्ये लँडर बंधू बुस्साहून होडीने निघून नदीच्या मुखापर्यंत गेले, तेव्हा पार्कबरोबरचे एक पुस्तक बुस्सात अजून जपलेले त्यांना दिसले. एका पिढीनंतरही गाव त्या नावेला विसरले नव्हते.

पण एवढ्यावर थांबलो तर नीती म्हणजे दूरवरचा व्यवहारच ठरेल. सेगूजवळच्या त्या बाईलाही हा माणूस पुन्हा दिसणार नव्हता. राजाने अडविलेला, कफल्लक, परक्या वर्णाचा हा वाटसरू. त्याच्याकडून तिला मिळण्यासारखे काय होते? तरी तिने चूल पेटविली. जिथे परतभेट नाही, तिथे केलेले वागणेच आपले खरे वागणे, एवढे ती दाखवून गेली. बुस्साचे ते पात्र आज काइंजी धरणाच्या पाण्याखाली आहे. पार्कने आपल्या पुस्तकात त्या बाईबद्दल सविस्तर लिहिले आहे; तिचे नाव मात्र दिलेले नाही.