उंटाचे दावे आणि गाडीचे स्टिअरिंग



इमाम तिर्मिझी (रह.) यांच्या हदीससंग्रहात हजरत अनस (रजि.) यांनी कथन केलेला एक प्रसंग आहे. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले, की उंटीण बांधून अल्लाहवर भरवसा ठेवावा, की ती मोकळी सोडून भरवसा ठेवावा? प्रेषितांनी (स.) त्याला उंटीण आधी बांधण्याची आणि मग भरवसा ठेवण्याची आज्ञा दिली. तवक्कुलचा संपूर्ण धडा या एका आज्ञेत सामावला आहे.

आज आपल्या दारात उंटीण नाही, गाडी आहे. आणि तिचे दावे म्हणजे स्टिअरिंगचे कुलूप.

रमजानमधील एका रात्रीची गोष्ट सांगतो. आमच्या मोहल्ल्यातील एक तरुण मामांची गाडी घेऊन तरावीहसाठी आला. इशाची जमाअत उभी राहिली होती. रकअत हुकेल या घाईत तो गाडीतून उतरून धावला. किल्ली गाडीतच राहिली. सलाम फेरून बाहेर आला तेव्हा जागा रिकामी होती. लोकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले, अल्लाहची मर्जी! मामा मात्र काहीच बोलले नाहीत. त्या गाडीतून शाळेच्या मुलांची ने-आण करूनच त्यांच्या घरची चूल पेटत होती.

अल्लाहच्या मर्जीबाहेर पानही हलत नाही, हे आपले ईमान आहे. परंतु तकदीरवरील विश्वास हा हानी झाल्यावर मन सावरण्यासाठी आहे. हानी होण्यापूर्वीच्या निष्काळजीपणाचे ते समर्थन नव्हे. येमेनमधून काही लोक शिधा न घेताच हजला निघत आणि स्वतःस तवक्कुल करणारे म्हणवीत. मक्केत पोहोचल्यावर मात्र त्यांना लोकांपुढे हात पसरावा लागे. तेव्हा सूरह बकरामध्ये प्रवासाची शिदोरी बरोबर घेण्याचा आदेश अवतरला.

आणि ती घाई तरी कोणी सांगितली होती? नमाजकडे धावत येऊ नका, शांतपणे या, जेवढी जमाअत मिळेल तेवढी अदा करा आणि सुटलेली नंतर पूर्ण करा, अशीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे. गाडीला कुलूप लावण्यात गेलेल्या दोन क्षणांनी नमाजचे काहीही उणे होत नाही.

दुसरा प्रश्न अमानतीचा. हनफी फिकहनुसार मागून आणलेली वस्तू घेणाऱ्याच्या हाती अमानत असते; त्याने योग्य काळजी घेऊनही ती गेली, तर भरपाई त्याच्यावर येत नाही, परंतु हयगय केली तर येते. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मसलकचे आहेत, त्यात नियम अधिक कडक आहे: मागून आणलेली वस्तू हरवली, तर हयगय नसतानाही तिची भरपाई द्यावी लागते. म्हणजे किल्ली आत ठेवून गेलेल्या माणसाला दोन्ही मसलकांत सुटका नाही. मामांनी माफ करावे असा आग्रह धरण्याचा अधिकारही आपल्याला नाही. माफी हा त्यांचा हक्क आहे, इतरांनी वाटून टाकण्याची वस्तू नव्हे. चोराचे पाप चोराच्याच माथी राहील; पण त्यामुळे आपली जबाबदारी संपत नाही.

हे दावे बांधायला फारसे श्रम नाहीत. किल्लीच्या गाडीत इंजिन बंद करून किल्ली काढावी आणि स्टिअरिंग थोडे वळवावे. ‘खट्’ असा आवाज येतो, आतील खीळ खाचेत बसते आणि ते फिरेनासे होते. दुचाकीचे हँडलही किल्लीने असेच अडकवता येते. पुन्हा निघताना किल्ली फिरत नसेल, तर जोर न लावता स्टिअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवीत ती फिरवावी.

मात्र कुलूप लावण्यापूर्वी गाडी कोठे उभी आहे, तेही पाहावे. जुम्माच्या दिवशी शेजाऱ्याच्या फाटकासमोर उभी केलेली आणि कुलूपबंद असलेली गाडी कोणाला ढकलून बाजूलाही करता येत नाही. त्या घरात रुग्ण असेल तर? आपल्या मालमत्तेचे रक्षण करताना शेजाऱ्याचा हक्क तुडवला जाऊ नये.

एवढे केल्यावर भरवसा कुलपावर ठेवू नका. निर्ढावलेला चोर तेही तोडतो. हजरत याकूब (अलै.) यांनी मुलांना एकाच दरवाजाने न जाता निरनिराळ्या दरवाजांनी नगरात प्रवेश करण्यास सांगितले, आणि त्याच वेळी हेही बजावले, की अल्लाहच्या निर्णयापुढे माझा उपाय काहीच नाही. सूरह यूसुफमधील हाच समतोल आपल्याला हवा: हात उपायावर, हृदय अल्लाहपाशी.

वाहन सुरू करताना आपण जी दुआ पढतो, तिच्यात हे वाहन अल्लाहने आपल्या ताब्यात दिले असल्याची कबुली आहे. त्या गाडीच्या काचेवरही ती दुआ चिकटवलेली होती. ज्याने ताबा दिला, तो त्याचा हिशेबही घेईल.

तो तरुण आता दरमहा पगारातून मामांना ठरावीक रक्कम देतो. त्याची तौबा मला त्यात दिसते.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत जपण्याची आणि खऱ्या तवक्कुलची तौफिक देवो. आमीन.