ऊन साठवताना अंशांचा हिशेब

मेणबत्तीच्या सामानाच्या दुकानात स्टिअरिक ॲसिड किलोवर मिळतं. पांढरे, बोटांना ओशट लागणारे दाणे. प्रात्यक्षिकाच्या तासाला मी मुलांकडून ते परीक्षानळीत वितळवून घेतो आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपायला लावतो. पारा सत्तरवरून झरझर उतरतो आणि पंचावन्नच्या आसपास थबकतो. वहीत तोच आकडा पुन्हा पुन्हा पडू लागला की कुणीतरी विचारतंच, "सर, थर्मामीटर बिघडला का?" काचेला लागून आधी पांढरा थर धरतो, मधलं बराच वेळ पातळ राहतं, आणि सगळं गोठून आकसलं की मधोमध खळगा पडतो. एवढा वेळ नळी बाहेर उष्णता देतच असते.

गोठताना बाहेर पडणारा हा अप्रकट उष्मा चुलीपर्यंत आणण्याचा प्रयत्न इंदूरला झाला. देवी अहिल्या विश्वविद्यालयातल्या डी. बुद्धी आणि एल. के. साहू यांनी सोलर कुकरच्या काळ्या पत्र्याखाली बाजारी स्टिअरिक ॲसिड भरून पाहिलं. ते काम १९९७ साली प्रसिद्ध झालं. ऊन उतरलं की कुकर थंडावतो, आणि घरोघरी चूल पेटते ती नेमकी तेव्हाच. त्यामुळे या प्रयत्नाचं मोल मला फार वाटतं. पण शिजवायला ५५ अंश कमीच. पुढच्या कामात बुद्धी आणि सहकारी ८२ अंशांना वितळणाऱ्या ॲसिटॅमाइडकडे आणि नंतर सुमारे ११८ अंशांच्या ॲसिटॅनिलाइडकडे वळले.

म्हणून स्टिअरिकसारखी मेदाम्लं टाकाऊ ठरत नाहीत. लॉरिक ४४ अंशांना वितळतं, मिरिस्टिक ५४, पामिटिक ६३, शुद्ध स्टिअरिक ६९. काम बघून आम्ल निवडायचं. पाण्याशी तुलना करताना हे विसरलं जातं. ८० अंशांचं पाणी ४० पर्यंत निवू देणार असाल, तर किलोमागे सुमारे १६७ किलोज्यूल मिळतात आणि पाण्यासारखं स्वस्त दुसरं काही नाही. पण तापमान दहाच अंश हलू द्यायचं असेल, तर पाणी ४२ किलोज्यूलवर थांबतं. वितळबिंदू त्या दहा अंशांत असेल, तर लॉरिक दोनशेच्या जवळ जातं. शिवाय ते पुन्हा पुन्हा वितळलं-गोठलं तरी, काही क्षारांसारखे त्याचे थर वेगळे होत नाहीत.

खोट आहे ती उष्णतावहनात. नळीतला तो पांढरा थरच आतल्या उष्णतेची वाट अडवतो. मोठ्या टाकीत हे जड जातं, म्हणून चपटे डबे किंवा धातूच्या पट्ट्या लागतात. आम्ल असल्यामुळे साधं लोखंड गंजतं. स्टेनलेस स्टील बरं. आणि पामिटिकसाठी पामतेलाची मागणी वाढवायची, तर इंडोनेशिया-मलेशियातल्या जंगलांचाही हिशेब मांडायला हवा.

लॉरिक मात्र आपल्या खोबरेल तेलात जवळपास निम्मं असतं. आणि त्याच्या ४४ अंशांना साजेसं कामही आहे: कोकणात मे महिन्यात आमसुलं वाळत घालतात तेव्हा दिवसभर सुकलेली सालं रात्रीच्या दमट हवेत पुन्हा ओल धरतात. २८ अंशांची हवा ४० वर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता निम्म्यावर येते. एवढ्यासाठी चूल नको. ताटांखाली लॉरिकचे चपटे डबे ठेवलेला, रात्री झाकता येणारा ड्रायर पुरावा. एखाद्या कृषी महाविद्यालयाने तो एका हंगामात आमसुलांवर चालवून, रात्रभर दर तासाला तापमान आणि सालांचं वजन टिपून पाहावं.