निऱ्या दुधाची ओढ

शास्त्रपाठ : १ पेत्र २:१-३



घरात नवे मूल जन्मास आले म्हणजे वडीलधारी माणसे पहिली चौकशी एकच करतात : बाळ दूध नीट पिते ना? रूप, रंग, नाव ह्या गोष्टी मागाहून. जे बाळ भुकेने रडते त्याची कोणी चिंता करीत नाही. जे दुधाकडे तोंड फिरवून निपचित पडून राहते त्याला मात्र त्याच रात्री दवाखान्यात नेतात. प्रेषित पेत्राने आध्यात्मिक जीवनाला हीच घरगुती कसोटी लावली आहे. नुकतीच जन्मलेली बालके दुधासाठी जशी आसुसतात तसे विश्वासणाऱ्यांनी वचनाच्या निऱ्या दुधासाठी आसुसावे, म्हणजे त्यांची तारणापर्यंत वाढ होईल, असे तो सांगतो.

हे पत्र ज्यांना गेले ते लोक पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया व बिथुनिया ह्या प्रांतांत पांगलेले होते. आपण परक्या मुलखात आहोत ही जाणीव त्यांना रोज होत असे. भिलाईत राहणाऱ्या आपणां मराठी ख्रिस्ती कुटुंबांना ही स्थिती अनोळखी नाही. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे ह्या नगरात कामासाठी आली. त्यांत विदर्भातून आलेले आपले वडील व आजोबाही होते. आज त्यांची नातवंडे येथे वाढत आहेत. त्यांचे शिक्षण वाढले, घरे वाढली, पगार वाढले. पेत्र ज्या वाढीविषयी बोलतो ती वाढ होत आहे काय, हा आजच्या शास्त्रपाठाचा आपणांस प्रश्न आहे.

१. ओढ ही आज्ञा आहे

शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला दुसऱ्या वचनापाशी बराच वेळ थांबावे लागते. पेत्राने येथे 'एपिपोथेओ' हे ग्रीक क्रियापद योजले आहे. इब्री शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ४२ व्या स्तोत्राच्या आरंभी, पाण्यासाठी व्याकूळ झालेल्या हरिणाच्या संबंधात, हेच क्रियापद आले आहे. मराठीत आपण 'इच्छा' म्हणतो, परंतु इच्छा तर चहाचीही होते. पेत्राच्या मनातील ओढ अशी आहे की तिची तृप्ती न झाली तर जीव जाईल.

आणि ही ओढ त्याने आज्ञार्थात सांगितली आहे. भूक लागावी अशी कोणी आज्ञा करू शकतो काय? भूक निर्माण करणे माणसाच्या हाती नाही हे खरे. ती देवाने दिलेल्या जीवनाबरोबर येते. परंतु भूक जपणे आपल्या हाती आहे. ती मारणाऱ्या गोष्टी दूर करणे आणि तिला वेळेवर अन्न देणे, एवढे आपण करू शकतो. आज्ञा आहे ती एवढ्याचीच.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. करिंथकरांस पहिल्या पत्रात (३:२) आणि इब्री लोकांस पत्रात (५:१२-१४) दुधाचा उल्लेख दूषण म्हणून आला आहे. जड अन्न घेण्याचे वय झाले तरी तुम्ही दुधावरच आहात, असा तेथे ठपका आहे. पेत्राच्या बोलण्यात तो ठपका नाही. दुधासाठी बालकाची जी आतुरता असते, तिच्यावर त्याचे लक्ष आहे. ह्या बाबतीत ऐंशी वर्षांच्या वृद्ध विश्वासणाऱ्यानेही बालकच राहावयाचे आहे.

दुधासाठी त्याने दोन विशेषणे वापरली आहेत. पहिले 'अडोलोस', म्हणजे भेसळ नसलेले. मिसरच्या वाळूत सापडलेल्या जुन्या कागदपत्रांत हाच शब्द निर्भेळ धान्याविषयी आढळतो. आपल्या मराठी शास्त्रातील 'निरे' हा शब्द तितकाच घरगुती आहे. पाणी न घातलेले दूध कसे असते हे गृहिणीला सांगावे लागत नाही. दुसरे विशेषण 'लोगिकोस'. ते 'लोगोस' ह्या शब्दापासून आले आहे. कोणी त्याचे 'आध्यात्मिक' असे भाषांतर करतात, कोणी 'वचनाचे' असे करतात. दोहोंनाही आधार आहे. परंतु त्याच्या थोडेसेच आधी, पहिल्या अध्यायाच्या शेवटी, देवाच्या जिवंत वचनाने तुमचा नवा जन्म झाला आहे असे पेत्राने सांगितले आहे. तो धागा सोडून चालणार नाही. जिने जन्म दिला तीच माता बाळाला दूध पाजते. ज्या वचनाने आपणांस जन्म दिला तेच आपले पोषणही करते. जन्म वचनाने घ्यावा आणि वाढ मात्र दुसऱ्या कशावर तरी व्हावी, असे देवाच्या घरी घडत नाही.

२. भूक का मरते?

पहिले वचन पुष्कळदा वाचून सोडून दिले जाते. त्यात पाच गोष्टी टाकून देण्यास सांगितले आहे : दुष्टपणा, कपट, ढोंग, हेवा आणि दुर्भाषण. कपट ह्यासाठी मूळ शब्द आहे 'डोलोस', आणि लगेच पुढे दुधासाठी 'अडोलोस'. ग्रीक वाचकाच्या कानाला हा संबंध सहज कळला असेल. ज्याच्या मनात कपट भरले आहे त्याला निष्कपट दूध गोड लागत नाही.

जेवणापूर्वी मुलाने शेव-चिवडा आणि बिस्किटे खाऊन पोट भरले तर आई वाढते त्या ताटाकडे ते बघतही नाही. अन्नात दोष नसतो. पोटात जागा नसते. उपासना संपल्यावर मंदिराच्या दारातच पाळकांच्या उणिवांची चर्चा सुरू होते, मंडळीच्या निवडणुकीत कोण कोणाला पाडणार ह्याचे बेत ठरतात, कोणाला बढती मिळाली व कोणाच्या मुलाला कोठे नोकरी लागली ह्यावरून मने आंबट होतात. ह्या पदार्थांनी पोट भरते, पण शरीर वाढत नाही. मग रात्री शास्त्र उघडले तर अक्षरे कोरडी वाटतात, आणि आपण म्हणतो, "हल्ली वाचनात मन लागत नाही." शास्त्राला बोल लावण्यापूर्वी दिवसभर आपण काय खाल्ले हे तपासावे. हातातील मोबाईलवर संपूर्ण शास्त्र आज विनामूल्य मिळते. त्याच पडद्यावर दुर्भाषणही तितक्याच सहज मिळते. बोट कोणीकडे वळते, हे आपली भूक सांगते.

३. चव घेणाऱ्याला भूक लागते

तिसऱ्या वचनात पेत्र ३४ व्या स्तोत्राची आठवण देतो : प्रभू चांगला आहे ह्याची तुम्ही चव घेतली आहे ना? शरीराची भूक खाल्ल्याने शमते. आत्म्याची भूक खाल्ल्याने वाढते. म्हणून जो म्हणतो की ओढ वाटू लागली म्हणजे वाचीन, त्याला फार वाट पाहावी लागेल.

ह्याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. भिलाईहून नागपूरकडे जाणारी गाडी दुर्ग सोडते आणि राजनांदगावला येते. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून ह्याच राजनांदगावाकडे आगगाडीने येत होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी होता. काव्याविषयी बोलणे निघाले, मग धर्माविषयी. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना त्याचे नाव कधीच कळले नाही.

टिळकांना ते भाकीत पटले नाही. तरी वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून हाती पेन्सिल घेऊन, लक्षात ठेवण्याजोग्या मजकुरावर खुणा करीत त्यांनी अभ्यासकाच्या वृत्तीने ग्रंथ उघडला. मत्तयाच्या पाचव्या अध्यायाशी, डोंगरावरील प्रवचनाशी, ते आले आणि तेथून त्यांचा पाय निघेना. त्या तीन अध्यायांनी त्यांना धरून ठेवले. मग त्यांनी तो ग्रंथ शेवटपर्यंत वाचला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे ह्याच भुकेतून मराठी मंडळीला तिची भजने मिळाली.

टिळकांनी वाचायला घेतले तेव्हा त्यांना ओढ नव्हती. दिलेल्या शब्दाचे बंधन तेवढे होते. ओढ लागली ती पाने उलटताना. ज्या विश्वासणाऱ्याची भूक आज मंदावली आहे त्याने ह्यावरून धीर घ्यावा. वाटत नसतानाही वाचावयास बसणे हे ढोंग नव्हे. आजाऱ्याला तोंडाला चव नसतानाही पेज घ्यावी लागते, आणि त्या पेजेनेच चव परत येते.

४. समजेल ते अन्न

नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा शास्त्राने नियमशास्त्र वाचले तेव्हा लेवी लोकांनी त्याचा अर्थ उलगडून सांगितला, आणि लोकांना वाचलेले समजले. न समजलेले वचन हे न चावलेल्या घासासारखे आहे.

ह्याच जाणिवेने पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात उतारवयात भाषांतराचे काम हाती घेतले. संस्कृतात पारंगत असलेल्या ह्या विदुषीने इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला तो साध्या, अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशा मराठीत शास्त्र देता यावे म्हणून. आयुष्याच्या अखेरच्या दिवसांपर्यंत त्या ह्या कामात होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, आणि १९२४ साली त्यांचे संपूर्ण शास्त्र प्रसिद्ध झाले.

आपल्या घरांत ह्या बाबतीत एक फसवणूक होते. आपली मुले शाळेत हिंदी शिकतात. हिंदी व मराठीची लिपी एकच असल्यामुळे मूल मराठी अध्याय घडाघडा वाचते, आणि आईबापांना वाटते की त्याला समजले. पण हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. यशयाच्या ५३ व्या अध्यायात प्रभूच्या सेवकाला आमच्यासाठी शिक्षा झाली हे ऐकून त्या मुलाच्या डोळ्यांपुढे शाळा उभी राहत असेल, तर वधस्तंभ त्याच्यापासून दूरच राहिला. याकोबाने रागाविषयी दिलेला इशारा ऐकून त्याला गाण्यातील राग आठवला, तर दोष त्याचा नाही. ताटात वाढले, पण घास भरवला नाही, असे हे झाले.

म्हणून मुलाला वाचावयास लावल्यावर दोन वचनांचा अर्थ त्याला विचारा, आणि तुमच्या शब्दांत सांगा. हिंदी शास्त्रातून त्याला अधिक समजत असेल तर तेही शेजारी उघडून ठेवा. मराठी आपल्याला प्रिय आहे. तथापि वचन हे पोषणासाठी आहे, अभिमानासाठी नाही. आईच्या तोंडून ऐकलेल्या मराठी वचनाची चव ज्याला लागली, त्याला ती भाषाही आपोआप जवळची होईल.

५. रोजचा आहार

इस्राएल लोकांना मान्ना रोज सकाळी गोळा करावा लागे. शब्बाथाखेरीज दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेला नासत असे (निर्गम १६). आपल्या नगरात हे तत्त्व लोखंडही शिकवते. झोतभट्टीत वरून लोहखनिज, कोक व चुनखडी सोडीत राहावे लागते, खालून तापलेली हवा द्यावी लागते. चूल विझवावी तशी ती रात्री विझवून सकाळी पेटविता येत नाही. अकस्मात थंड पडली तर आतील धातू गोठतो, आणि तो मोकळा करण्यास अपार कष्ट पडतात. रविवारी एकदा खाऊन आठवडाभर पेटते राहू, असे ज्याला वाटते त्याने हे ध्यानात घ्यावे.

रात्रपाळीस जाणारा कामगार डबा विसरत नाही. त्याच डब्याबरोबर एक वचन न्यावे. एक शुभवर्तमान घ्यावे, ते आरंभापासून शेवटपर्यंत, रोज थोडे थोडे वाचावे. कुटुंबातील सर्वांच्या पाळ्या जुळत नसतील तर दोघांनी वाचावे. यिर्मया म्हणतो की देवाची वचने सापडताच त्याने ती खाल्ली, आणि ती त्याच्या हृदयाचा आनंद झाली (१५:१६). त्या संदेष्ट्याचे दिवस सुखाचे नव्हते, हे विसरू नये.

वाढ होत आहे हे ओळखावे कसे? पाठ केलेल्या वचनांच्या संख्येवरून ते कळत नाही. पहिल्या वचनातील पाच गोष्टींकडे परत यावे. हेवा कमी झाला काय? ज्या भावाशी वर्षभर बोलणे नव्हते त्याच्या दाराशी पाय वळले काय? दुसऱ्याच्या पाठीमागे बोलताना जीभ अडखळू लागली काय? तसे असेल तर दूध अंगी लागत आहे.

आमोसाने एका दुष्काळाची सूचना दिली आहे, अन्नपाण्याच्या नव्हे तर परमेश्वराची वचने ऐकण्याच्या दुष्काळाची (८:११). आज आपल्याकडे धान्य भरपूर आहे. दुष्काळ पडलाच तर तो भुकेचा पडेल. प्रभूने आपणांतील ती भूक जिवंत ठेवावी, आपल्या लेकरांना ती लावावी, आणि तारणाच्या पूर्णतेपर्यंत आपणां सर्वांची वाढ करावी. आमेन.