अपर्णेला विचारलेला प्रश्न

बाईने स्वतःच्या शरीरासाठी रोज वेळ काढणे हा स्वार्थ की धर्म, या प्रश्नाला कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त एक उत्तर सापडते. शरीर हे धर्माचे पहिले साधन, हे वचन व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. पण पाचव्या सर्गात ते एका तपस्विनीला उद्देशून आले आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. पार्वतीने गळून पडलेली पानेही खाणे सोडले, म्हणून ती अपर्णा. बटूच्या वेषातला शंकर तिची विचारपूस करतो: समिधा, दर्भ सहज मिळतात ना, स्नानाला पाणी आहे ना, आणि तप स्वतःच्या शक्तीनुसार चालले आहे ना? त्याच श्लोकात ते वचन येते. म्हणजे शरीर राखणे हा तपाचाच भाग ठरतो.

प्रत्यक्षात मात्र बाईच्या वाट्याला या प्रसंगातले उपासतापासच अधिक आले. घरासाठी झिजणे हे तिचे पुण्य मानले गेले आणि स्वतःसाठी अर्धा तास चालून येणे ही चैन ठरली. भारताच्या २०१९ सालच्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवताना आढळल्या, पुरुष ९७ मिनिटे. घरकाम ही हालचाल आहेच. पण त्यातले बरेचसे ओट्याशी उभ्याने, तुकड्यातुकड्यांत होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम दमाची हालचाल सुचवते. २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतातल्या सुमारे ५७ टक्के स्त्रिया तेवढी हालचाल करत नव्हत्या. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के होते. हा स्त्रियांचा आळस नव्हे. स्वतःसाठी उठताना मनात येणारी अपराधी भावना हा इथला खरा अडसर आहे, आणि ती धार्मिक संस्कारांतूनही आलेली आहे.

अभ्यास पक्का कशाने होतो, याचे पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात दिलेले उत्तर इथे उपयोगी पडते: तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदराने केलेला हवा. यातली तिसरी अट निर्णायक आहे. लग्नसमारंभासाठी किंवा कुणीतरी टोमणा मारला म्हणून सुरू केलेला व्यायाम शरीराच्या तिरस्कारावर उभा असतो. वजनकाटा हलला नाही की तो थांबतो. आदराने केलेला व्यायाम फळाची रोज झडती घेत नाही. शक्तीचे मापही त्याला कळते. सुश्रुताने बळाच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम सांगितला आहे, आणि हे माप वय, बाळंतपण, पाळीचे दिवस, रजोनिवृत्ती यांप्रमाणे बदलणार हे उघड आहे. आजारपणात चार दिवस चुकले तर साधना बुडाली असे मानायचे कारण नाही.

हा आदर समाजाकडून कसा मिळतो, याचे उत्तम उदाहरण म्हणजे वारी. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेली वारकरीण चुंबळीवर भार तोलून, पाठ ताठ ठेवून टाळांच्या ठेक्यात चालते. विसाव्याला ते उतरवून ठेवले की तीच फुगडीला उभी राहते. ती व्यायामाला आलेली नसते, विठ्ठलाला भेटायला आलेली असते. पण या हेतूमुळेच घरचे तिला सोडतात, गावच्या बाया सोबत असतात आणि तिथी ठरलेली असल्याने जावे की न जावे हा निर्णय दरवर्षी नव्याने घ्यावा लागत नाही. परवानगी, सोबत आणि ठरलेली वेळ या तिन्ही गोष्टी तिला एकदमच मिळतात.

वारीची उणीव एवढीच की ती वर्षातले काही आठवडेच असते. श्रावणातल्या मंगळागौरीचेही पूर्वी तसेच होते: नवी नवरी, एक रात्र, जागरण. आता पुण्या-मुंबईत आणि ठाण्यात मंगळागौरीच्या खेळांचे गट आहेत. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बायका त्यांत सराव करतात. बसफुगडीत उकिडवे बसून पाय आळीपाळीने पुढे टाकावे लागतात, आणि मांड्यांइतकाच दमाचाही कस लागतो. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्या गाणी म्हणतात, टाळ्यांनी ठेका धरतात, झिम्म्याला उठतात. गटातले त्यांचे स्थान तसेच राहते.