चिठ्ठीची मागची बाजू

सहा-सात वर्षांपूर्वी आमच्या गावच्या व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ चित्रपट अभिनेत्याची प्रकट मुलाखत झाली. मी स्वयंसेवक होतो. मध्यंतरात प्रेक्षकांकडून चिठ्ठ्या गोळा करायच्या, त्यातल्या दहा-बारा निवडायच्या आणि मुलाखत घेणाऱ्या बाईंच्या हातात नेऊन द्यायच्या, एवढंच माझं काम. प्रेक्षकांना माइक द्यायचा नाही, हा मंडळाचा जुना नियम. माइक हातात आला की माणूस प्रश्न विचारत नाही, भाषण करतो, असा तीस वर्षांचा अनुभव आहे म्हणे.

अभिनेत्याचं नाव सांगणार नाही. ओळखायचा प्रयत्नही करू नका, कारण ओळखू येईल असे तपशील मी मुद्दाम गाळलेत.

सत्तरेक चिठ्ठ्या आल्या. पहिला सिनेमा कसा मिळाला, अमुक सीनला किती टेक झाले, मुलाला अभिनयात जायचंय तर काय करावं, कार्यक्रमानंतर सेल्फी मिळेल का. एकीवर फक्त ‘मागे आवाज येत नाही’ एवढंच होतं. पण निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या एकाच विषयाच्या होत्या: त्यांचा एक सहकलाकार मित्र, जो वारला त्याला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. ‘तुमची मैत्री पडद्यामागेही तशीच होती का?’ ‘त्यांची आठवण येते का?’ ‘शेवटचं कधी बोललात?’

आणि एक चिठ्ठी, वहीच्या फाडलेल्या पानावर, निळ्या शाईत: ‘ते आजारी असताना तुम्ही त्यांना भेटायला गेला होतात का?’

ती वाचली आणि मी खिशात टाकली.

का टाकली, हे तेव्हा मला अगदी स्पष्ट होतं. कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय होता आणि कान्ट नुकताच वाचून झाला होता, म्हणजे डोक्यात बरंच काही अर्धवट शिजत होतं. १७९७ साली फ्रान्सच्या बेंजामिन कॉन्स्टंट आणि जर्मनीच्या इमॅन्युएल कान्ट यांच्यात एक वाद झाला. कॉन्स्टंटचं म्हणणं असं, की खरं सांगणं हे कर्तव्य आहे, पण ते फक्त त्याच माणसाशी, ज्याला ते खरं ऐकण्याचा हक्क आहे. कान्ट म्हणाला, नाही. दाराशी खुनी येऊन ‘तुझा मित्र घरात लपलाय का’ विचारत असला, तरी खोटं बोलता येणार नाही. वर्गात आम्ही सगळे अर्थातच कॉन्स्टंटच्या बाजूने होतो. मग मी हिशोब केला: चाहत्याला हे ऐकण्याचा हक्क आहे का? नाही. त्याने तिकीट काढलं ते सिनेमाचं. त्या पैशांत काम आलं, त्या कामाबद्दल विचारण्याचा अधिकार आला. हॉस्पिटलच्या खोलीचं तिकीट कुणी विकलेलं नव्हतं.

डॉ. श्रीराम लागूंनी आपल्या आत्मचरित्राला ‘लमाण’ हे नाव दिलं. नट हा लमाण, एका ठिकाणचा माल पाठीवर घेऊन दुसऱ्या ठिकाणी पोचवणारा, असा त्यामागचा विचार. मला ही कल्पना फार पटते. लमाणाला मालाबद्दल विचारा, वाटेबद्दल विचारा. त्याच्या घरी कोण रुसलंय हे कशाला?

शिवाय मैत्री म्हणजे सामाईक सातबारा. त्यावर दोन नावं असतात आणि एकट्याच्या सहीने अख्खी जमीन विकता येत नाही. इथे तर दुसरा सहीला यायचाच नव्हता. जिवंत असलेला माणूस ‘आम्ही सख्ख्या भावासारखे होतो’ म्हणाला तरी ते एकतर्फी, आणि ‘तसं काही नव्हतं, कामापुरती ओळख’ म्हणाला तरी एकतर्फीच.

हे सगळं मला आजही चूक वाटत नाही. म्हणूनच पुढे जे झालं ते जास्त टोचतं.

त्याआधी एक गोष्ट. आपण हा प्रश्न विचारतोच का? अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचंच घ्या. ‘अशी ही बनवाबनवी’ आला १९८८ साली. लक्ष्मीकांत २००४च्या डिसेंबरात गेले, पन्नाशीत. आज त्या सिनेमाचे मीम एकमेकांना पाठवणाऱ्यांतले कितीतरी जण त्यानंतर जन्मलेले आहेत. त्यांनी ही जोडी थिएटरात नव्या सिनेमात कधीच पाहिली नाही. तरी त्यांना मनापासून वाटतं, की कॅमेरा बंद झाल्यावरही हे दोघं असेच एकमेकांची टोपी उडवत बसत असणार. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ साली अशा एकतर्फी नात्याला ‘पॅरासोशल’ हे नाव दिलं. हा शब्द हल्ली लोक शिवीसारखा वापरतात. मला त्यात शिवी देण्यासारखं काही दिसत नाही. चार मित्र एका खोलीत राहतात, भाड्यासाठी घरमालकिणीला फसवतात, हे पाहताना ज्याला आपली खोली, आपले रूममेट आठवत नाहीत, त्याने सिनेमा कशाला बघावा?

पण पडदा साक्षीदार म्हणून भरवशाचा नाही. ‘सामना’मध्ये लागूंचा मास्तर आणि निळू फुल्यांचा हिंदुराव पाटील समोरासमोर उभे आहेत, आणि त्यांच्यातलं वैर सिनेमा संपल्यावरही अंगावरून उतरत नाही. प्रत्यक्षात हीच माणसं सामाजिक कृतज्ञता निधी उभा करण्यासाठी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग घेऊन गावोगाव हिंडली, म्हणजे पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावं. निळूभाऊंना पडद्यावर पाहून बायका बोटं मोडायच्या. त्या माणसाची मैत्री कशी होती, हे पडद्यावर शोधायला गेलात तर उलटं उत्तर मिळेल. तेव्हा ‘पडद्यामागेही तसंच होतं का’ या प्रश्नाला बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर एकच असतं: पडद्यावर होतं ते आमचं काम होतं.

मुलाखत छान झाली. मित्राबद्दलच्या दोन सौम्य चिठ्ठ्या बाईंनी वाचल्या, त्यांनी दोन सौम्य किस्से सांगितले. लोक हसले, थोडे हळवे झाले. किस्से सरावाचे होते हे मला मागून कळत होतं, कारण विराम कुठे घ्यायचा हे त्यांना आधीच ठाऊक होतं. त्याला मी खोटेपणा म्हणणार नाही. तोच प्रश्न चारशे वेळा विचारला गेला की उत्तराला गुळगुळीतपणा येतो, देवळाच्या पायरीला येतो तसा.

नंतर मेकअप रूममध्ये चहा-वडा होता. ते म्हणाले, “अरे, राहिलेल्या चिठ्ठ्या दे. मी घरी नेऊन वाचतो. लोकांनी लिहिलेलं टाकायचं नसतं.” मी गठ्ठा दिला. त्यांनी तिथेच चाळायला सुरुवात केली. शेवटपर्यंत गेले आणि म्हणाले, “आजारपणाची नाही एकही? दर ठिकाणी एक तरी असते.”

मी काय बोलणार? खिशातून काढून दिली. “सर, मला बरं वाटलं नाही ती द्यायला.”

त्यांनी वाचली, मान हलवली आणि सवयीने कागद उलटा केला. मागेही लिहिलेलं होतं. मी ते पाहिलंच नव्हतं. शब्द जसेच्या तसे देत नाही, पण आशय असा: मी आणि माझा एक दोस्त कितीतरी वर्षं कंपनीत एका पाळीत होतो. कंपनी बंद झाली. पुढे तो आजारी पडला, मला कळलंही होतं, पण मी गेलो नाही. म्हणून विचारतो आहे.

खाली नाव नव्हतं.

“हा माणूस बाहेर असेल का अजून?” त्यांनी विचारलं. मी धावत गेलो. हॉलमध्ये मंडपवाले खुर्च्या एकात एक रचत होते. पार्किंगमध्ये शेवटच्या दोन मोटारसायकली निघत होत्या, त्यांवर बायका-मुलं होती. मी परत आलो.

मग ते पाच-सात मिनिटं बोलले. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी दिलं. हो की नाही असं ते नव्हतं, आणि स्टेजवरच्या किश्श्यांसारखं गुळगुळीतही नव्हतं. ते मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्याला राग येईल, येऊ दे. ते उत्तर ज्याचं होतं त्याला मी मिळू दिलं नाही. ते आता इतरांना वाटत सुटण्याचा अधिकार मला कुठून आला?

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार सांगितलेत: उपयोगाची, मजेची आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. पहिल्या दोन कारण संपलं की संपतात, असं त्याचं म्हणणं. या हिशेबाने पाळीतली मैत्री पहिल्या खणात जाते. मशीन एक, डबा खायची वेळ एक, बस एक. कंपनीला टाळं लागलं की संपलं. सिनेमातली मैत्रीही तशीच: शेड्यूल संपलं, युनिट पांगलं, पुढचं शेड्यूल दुसऱ्याबरोबर. पण मग त्या माणसाला इतक्या वर्षांनी, चारशे लोकांत बसून, वहीचं पान फाडून हे का लिहावंसं वाटलं? संपलेल्या गोष्टीचं कुणी असं ओझं वाहत नाही. ॲरिस्टॉटलच पुढे सांगतो, की एकत्र बसून पुरेसं मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. खाल्ल्या मिठाची भाषा आपल्याकडे मालकाशी इमानाची आहे, पण डब्यातली भाजी रोज अर्धी-अर्धी करणाऱ्या दोघांना ती जास्त लागू पडावी. मला वाटतं, खणांची मांडणीच तिथे चुकते. मैत्री कुठल्या खणातली होती हे बऱ्याचदा ती चालू असताना कळत नाही. जायची वेळ येते आणि आपण जात नाही, किंवा जातो, तेव्हा कळतं.

माझा हक्कांचा हिशोब अजूनही बरोबर आहे. चाहत्याला उत्तराचा हक्क नव्हता. फक्त तो चाहता म्हणून विचारत नव्हता, आणि मी कागदाची एकच बाजू वाचली होती. खासगी आयुष्यात नाक खुपसणारा प्रश्न आणि स्वतःबद्दल विचारायची हिंमत नसल्याने दुसऱ्याच्या नावाने विचारलेला प्रश्न, हे दोन्ही शब्दशः सारखे असू शकतात. मीही एका जुन्या रूममेटला कित्येक महिने फोन केलेला नाही, आणि सिनेमातल्या मित्रांच्या मुलाखती मात्र रात्री दोन वाजेपर्यंत बघतो.

पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत मी सुचवलं, की निदान एका कार्यक्रमात प्रेक्षकांना माइक देऊन बघू. नामंजूर झालं, कारण तेच: लोक भाषण करतात. मी फार ताणलं नाही. माइक असता तर त्या माणसाने विचारलंच नसतं.