पुढारीपण आणि मौन

पुढारीपण शिकविता येते काय, हा प्रश्न जुना आहे. आणि ज्यांना ते रीतसर शिकविण्यात आले, त्यांनी त्याविषयी आपली साक्ष दिली पाहिजे, असे आम्हांस वाटते. सुमारे तीस वर्षांपूर्वी आम्ही अमेरिकेच्या मध्यभागातील एका विद्यापीठात विद्यार्थिनी होतो. तेथील एका भगिनीमंडळाने आम्हांस सभासद करून घेतले होते, आणि पुढच्याच उन्हाळ्यात शाखेची प्रतिनिधी म्हणून आपल्या नेतृत्वपरिषदेस धाडले होते. तेथे आम्ही काय शिकलो आणि त्या विद्येचे पुढे काय केले, हे सांगितल्यावाचून ह्या विषयावर लेखणी चालविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

तिकडे ज्यांना ‘सोरॉरिटी’ म्हणतात, त्या ह्या मंडळ्या. ‘सोरॉर’ म्हणजे लॅटिन भाषेत बहीण. त्यांचा जन्म अपमानातून झाला, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. इंडियाना राज्यातील ग्रीनकॅसल येथील विद्यापीठाने १८६७ साली स्त्रियांस प्रवेश दिला. परंतु पुरुष विद्यार्थ्यांच्या मंडळ्यांची दारे त्यांस बंदच राहिली. बेटी लॉक नावाच्या विद्यार्थिनीस एका मंडळीने आपले पदक मिरविण्यास देऊ केले, पण सभासदत्व देऊ केले नाही. शोभेपुरता हा मान तिने नाकारला, आणि २७ जानेवारी १८७० रोजी तिघी मैत्रिणींसह ‘कप्पा अल्फा थीटा’ ही स्त्रियांची स्वतंत्र मंडळी स्थापन केली. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा स्त्रियांच्या संघटित उद्योगाचा हाच काळ तेथे भरात होता. १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यांनी त्या उद्योगाचे मोठ्या आस्थेने वर्णन केले आहे.

परंतु ह्या कथेचा उत्तरार्ध इतका उज्ज्वल नाही. ज्यांना दाराबाहेर ठेवण्यात आले होते, त्यांनी स्वतःचे घर बांधले आणि त्या घरालाही दार बसविले. कृष्णवर्णीय विद्यार्थिनींस गोऱ्या मुलींच्या ह्या मंडळ्यांत स्थान नव्हते. तेव्हा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली ‘अल्फा कप्पा अल्फा’ आणि १९१३ साली ‘डेल्टा सिग्मा थीटा’ ह्या त्यांच्या स्वतःच्या मंडळ्या निघाल्या. ह्या दुसऱ्या मंडळीच्या संस्थापिका बावीस होत्या. आणि स्थापनेनंतर दोन महिनेही झाले नाहीत तोच, ३ मार्च १९१३ रोजी, स्त्रियांच्या मताधिकारासाठी वॉशिंग्टनमध्ये निघालेल्या मिरवणुकीत ही मंडळी सामील झाली. विद्यार्थिनींचे पुढारीपण म्हणजे काय, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आमची परिषद तीन दिवस चालली. एका मोठ्या हॉटेलच्या दिवाणखान्यात निरनिराळ्या शाखांच्या मुली जमल्या होत्या. हिशेब कसा ठेवावा, अपरिचितांशी संभाषण कसे आरंभावे, सभा कशी चालवावी, ह्यांचे पाठ झाले. सभाशास्त्राच्या पाठात आमचे मन विशेष रमले. अमेरिकन सैन्यातील स्थापत्य-अधिकारी हेन्री रॉबर्ट ह्यांनी १८७६ साली सभानियमांचे जे पुस्तक काढले, ते तिकडे अजून प्रमाण मानतात. ठराव कोणी मांडावा, अनुमोदन कसे द्यावे, उपसूचना केव्हा आणावी, हे सर्व त्यात आहे. आणि त्या सर्वांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे, ते असे की, निर्णय बहुमताचा असला तरी अल्पमताचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे. सरावासाठी एक लुटुपुटीची सभा भरविण्यात आली. विषय होता दिवाणखान्याचे पडदे कोणत्या रंगाचे असावेत, हा. विरोधी सभासदाचे काम आमच्याकडे आले. आम्ही उठलो, अध्यक्षांची परवानगी घेतली, आणि सर्वांविरुद्ध एकटे बोललो. टाळ्या पडल्या. आपणांस धैर्य आहे, अशी आमची त्या दिवशी खात्री झाली.

सप्टेंबरात नव्या मुलींची निवड सुरू झाली. इच्छुकांत एक मुलगी होती. ती शिष्यवृत्तीवर शिकत असे आणि सायंकाळी विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात भांडी विसळण्याचे काम करी. तेथेच आमची ओळख झाली होती. परिषदेहून परतल्यावर तिने मोठ्या उत्सुकतेने विचारले होते, “तुला तिथे काय शिकवलं?” आम्ही तिला ठराव व उपसूचना ह्यांतील भेद समजावून सांगितला होता.

निवडीच्या सभेत तिचे नाव निघताच एक जण म्हणाली, “चांगली आहे, पण तिचं आपल्यांत जमायचं नाही.” का जमायचे नाही, हे तिने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. एवढा प्रश्न विचारण्याचा आम्हांस पूर्ण अधिकार होता, आणि तो कोणत्या शब्दांत विचारावा हे त्या सभेत आमच्याइतके कोणासच ठाऊक नव्हते. परंतु आमची स्वतःची जागा नवी होती. आमचा वर्ण, आमचे उच्चार ह्यांसह आम्हांस आत घेतले गेले होते, आणि आता आपणच कुरबूर केली तर आपल्यालाही परके मानतील, अशी भीती वाटली. आम्ही गप्प राहिलो. पुढचे नाव पुकारण्यात आले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती भोजनगृहात नेहमीप्रमाणे आमच्याशी बोलली. आम्हांस मात्र तिच्याकडे पाहवेना.

येथे कोणी म्हणेल, की मैत्रीत निवड असावयाचीच; जिच्याशी जुळत नाही तिला टाळले, तर त्यात अधर्म कोणता? हा आक्षेप अगदी पोकळ नाही. दोन मैत्रिणी एकमेकींस का आवडतात, ह्याचे कारण त्यांनी जगास देण्याची गरज नाही. परंतु ज्या संस्थेचे स्वतःचे घर आहे, निधी आहे, जिच्या जुन्या सभासद नव्यांना नोकरीधंद्यात हात देतात, आणि जी स्वतःस पुढारी घडविणारी शाळा म्हणविते, ती केवळ मैत्रीचा मेळा राहत नाही. ती संधीचे वाटप करते. आणि जेथे वाटप आहे तेथे कारण विचारण्याचा हक्क आहे. आवडनिवड ही खाजगी गोष्ट खरी, पण तिच्या आड अन्यायाने आश्रय घेतला तर तिला खाजगी म्हणून सोडता येत नाही.

दुसरा बचाव निष्ठेचा. बहिणींच्या एकीस तडा जाऊ नये म्हणून गप्प राहिलो, असे आम्हीही पुष्कळ दिवस मनास समजाविले. तो समज पुढे २०१३ सालच्या एका घटनेने दूर केला. त्या सप्टेंबरात अलाबामा विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चालविलेल्या ‘क्रिमसन व्हाइट’ पत्राने गौप्यस्फोट केला, की तेथील गोऱ्या भगिनीमंडळांत कृष्णवर्णीय विद्यार्थिनींस डावलण्यात आले. हे उघडकीस कोणी आणले? त्या मंडळ्यांतीलच काही सभासद मुलींनी. जुन्या सभासदांच्या दडपणाने हे घडले, असे त्यांनी सांगितले; एकीने तर नाव न लपविता सांगितले. त्यावर विद्यापीठाने निवडीचा मार्ग पुन्हा मोकळा करावयास लावला, आणि त्याच महिन्यात काही कृष्णवर्णीय विद्यार्थिनींस प्रवेश मिळाला. ह्या बोलणाऱ्या मुली आपल्या मंडळीशी बेइमान झाल्या काय? आमच्या मते तिच्याशी इमान राखले ते त्यांनीच. कारण बेटी लॉकने ज्या अपमानास नकार दिला, तोच अपमान आपल्या नावे दुसरीस व्हावा, हे त्यांना सोसले नाही.

तेव्हा पुढारीपण शिकविता येते काय? बोलण्याची कला शिकविता येते. परिषदेने ती आम्हांस उत्तम शिकविली, आणि त्याबद्दल आम्ही आजही तिचे ऋणी आहोत. परंतु पडद्यांच्या रंगाविषयी बोलताना आमचे काहीच जाणार नव्हते. जेथे आपली जागा जाण्याचा संभव आहे, तेथे उठून उभे राहणे ही निराळी विद्या आहे, आणि तिचा सराव लुटुपुटीच्या सभेत होत नाही. ती शिकण्याची वेळ अघोषित येते. बहुधा एखाद्या साध्या वाक्यातून येते, आणि पुढचे नाव पुकारले जाण्यापूर्वी निघून जाते.

आपल्याकडेही मंडळे आहेत, समित्या आहेत, वसतिगृहे आहेत. “आपल्यांत जमायचं नाही” हे वाक्य वाचकांच्या कानी पडले नसेल, असे आम्हांस वाटत नाही. ते पुन्हा कानी पडेल तेव्हा “का?” एवढे एक अक्षर कोणीतरी उच्चारावे. आम्हांस ते त्या सायंकाळी उच्चारता आले नाही.