वात आणि वात

मी मूळचा एरंडोलचा, असे पुण्यात कुणाला सांगितले की ऐकणाऱ्याचा चेहरा एरंडेल प्याल्यासारखा होतो. फरक अवघा एका कान्याचा; पण तो कानाला कुठे ऐकू येतो!

कोरियन माणसाची अडचण याहून मोठी आहे. चिनीतून आलेले कितीतरी शब्द त्याच्या भाषेत एकाच उच्चारात येऊन मिळाले आहेत. 'साग्वा' म्हणजे सफरचंद, आणि 'साग्वा' म्हणजेच क्षमायाचना. चिनी चिन्हांत दोन्ही निराळे दिसतात. राजा सेजोंगने १४४६ मध्ये प्रजेला दिलेल्या सोप्या लिपीत मात्र तंतोतंत सारखे.

अशी जुळी आपल्याकडेही आहेत. दिव्यातली वात संस्कृत 'वर्ति'पासून झिजत झिजत आली. वाऱ्याचा वात संस्कृतातून जसाच्या तसा आला. एक उजेड देते, दुसरा तो विझवतो. त्यांची ओळख पटावी म्हणून मराठीने लिंगाची खूण ठेवली आहे : ती वात, तो वात. कोरियनला तेवढीही सोय नाही.

पण खूण असून तरी काय होते? अंजनीकाठच्या आमच्या घरी, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, आजी माजघरात पडून होती. मी जवळ गेलो तेव्हा ती पुटपुटली, "वात रे बाबा, वात..." मी धावत देवघरात गेलो आणि कापसाची वात आणून तिच्या तळहातावर ठेवली. गुडघा धरूनच ती हसली. "अरे वेड्या, हा वात!"

घर हसले. पुढे कैक दिवाळ्यांना फराळाबरोबर ही गोष्ट वाढली गेली. फार उशिरा माझ्या ध्यानात आले, की एरंडेलाची बाटली फडताळात असूनही त्या संध्याकाळी आजीचा गुडघा कुणीच चोळला नव्हता.

शब्दाने फसवले तर तो अपराध नव्हे. पोराला दुसरा अर्थ ठाऊकच नव्हता. पण अर्थ कळल्यावरही जो नुसता हसून उठतो, त्याला कोणत्या व्याकरणाचा आधार? दोन सारख्या शब्दांतून नेमका अर्थ निवडणे ही बुद्धीची गोष्ट झाली. त्या अर्थासाठी जागचे उठणे ही माणुसकीची.

आजी आता नाही. मी कोरियन असतो, तर यंदा तिच्या तसबिरीपुढे पणतीशेजारी एक सफरचंद ठेवले असते.